विवरणपत्राआधी चौकशी करणारे विश्रामबागेतले कार्यालय

सांगलीत विश्रामबाग चौकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, एका करसल्लागारांचे दोन खोल्यांचे कार्यालय आहे. आमच्या घरातील तिघांची आयकर विवरणपत्रे गेली दोन वर्षे तेथेच भरली जात आहेत. त्यांची परवानगी घेतलेली नसल्यामुळे नाव देत नाही. मात्र तेथे मिळालेली सेवा सविस्तर लिहावी अशी आहे.

मी घरी बसून पुण्यातील दोन कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचे काम करते. मला पगार नसतो. दरमहा बिल पाठवायचे आणि दहा टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापून उरलेली रक्कम खात्यात घ्यायची, असा व्यवहार आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात माझी एकूण जमा ११ लाख रुपये होती आणि त्यावर १ लाख १० हजार रुपये कापले गेले होते. त्या वर्षीचे विवरणपत्र मी दुसऱ्या एका ठिकाणी भरून घेतले होते. तेथे पॅन, आधार आणि पासबुक घेऊन दहा मिनिटांत काम संपवले गेले, सर्व रक्कम ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून आयटीआर-१ या साध्या विवरणपत्रात दाखवली गेली, नव्या करप्रणालीनुसार ७८ हजार रुपये कर निघाला आणि ३२ हजारांचा परतावा आला. परतावा आला म्हणून मी समाधानी होते.

डिसेंबर २०२४ मध्ये वडिलांच्या कामासाठी या कार्यालयात गेले असता सल्लागारांनी सहज विचारले, “ताई, तुम्ही काय करता?” मी सांगितल्यावर त्यांनी माझे फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या कराचा तपशील) उघडायला लावले आणि पडद्यावर पेन्सिलचे टोक टेकवून कलमाचा रकाना दाखवला. प्रत्येक ओळीत १९४जे असे छापलेले होते, म्हणजे कंपन्यांनी हे पैसे व्यावसायिक शुल्क म्हणूनच दिले होते. माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसायांपैकी एक असल्यामुळे कलम ४४एडीए लागू होते. त्यानुसार वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते आणि खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. माझे करपात्र उत्पन्न त्यामुळे साडेपाच लाख झाले, त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत कलम ८७ए ची सवलत असल्याने कर शून्य झाला आणि दुरुस्त विवरणपत्र मुदतीत गेल्यामुळे उरलेले ७८ हजार रुपये मला परत मिळाले. ती मुदत ३१ डिसेंबरची होती (पुढे ती १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली). आणखी महिनाभर उशिरा गेले असते तर दुरुस्तीचा हा सरळ मार्ग बंद झाला असता.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. निम्मी रक्कम ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्ष नफा त्याहून अधिक असेल तर अधिक दाखवावा, असे ते आग्रहाने सांगतात. कर वाचवून देणारे पुष्कळ भेटतात, पण ही दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगणारे मला पहिल्यांदा भेटले.

आमचे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक आहेत आणि तासगावकडे आमची थोडी शेती आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे ते कोठे दाखवायचेच नसते, अशी त्यांची समजूत होती. हे उत्पन्न पाच हजारांहून अधिक असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो; आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न धरले जाते, हे त्यांना कागदावर आकडे मांडून समजावले. अण्णांचा कर थोडा वाढला, पण कारण पटल्यामुळे त्यांनी तक्रार केली नाही.

दादाचे मिरजेत स्टेशनरीचे दुकान आहे. त्याच्या ३६ लाखांच्या विक्रीपैकी २० लाख यूपीआय व बँकेतून आले होते, त्यावर सहा टक्के आणि रोखीच्या १६ लाखांवर आठ टक्के, असा कलम ४४एडी (छोट्या व्यवसायांचा नफा विक्रीच्या ठरावीक टक्क्यांनी धरण्याची तरतूद) प्रमाणे २ लाख ४८ हजार नफा दाखवला गेला. केवळ मालाची विक्री ४० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीही लागली नाही. एकदा ही पद्धत स्वीकारून पुढील पाच वर्षांत मध्येच सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे ती पुन्हा घेता येत नाही, ही सूचनाही त्याला आधीच मिळाली. त्याच दिवशी मार्केट यार्डातील हळदीचे एक अडते शेजारच्या खुर्चीवर होते; अडत हे कमिशनचे उत्पन्न असल्यामुळे ४४एडी तुम्हाला लागू होत नाही, वह्या आणा, असे त्यांना स्वच्छ सांगितले गेले.

उणिवाही आहेत. शुल्काचा फलक लावलेला नाही. माझ्याकडून दोन हजार आणि अण्णांकडून बाराशे घेतले, ते रास्त होते, परंतु आधी सांगितले असते तर बरे झाले असते. कागदपत्रे व्हॉट्सअॅपवर मागवली जातात, हे मला पसंत नाही. आयकर पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक कार्यालयाकडे ठेवण्याची तेथील सहायकाची पद्धत होती. मी दोन्ही आग्रहाने स्वतःकडे ठेवले, कारण आयकर खात्याच्या नोटिसा त्याच क्रमांकावर व ईमेलवर येतात आणि विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत करावयाची ई-पडताळणीही मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने करता येते. ते जी मराठी टिपणे हाताने लिहून देतात ती उत्तम असतात, मात्र त्यांतील कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ चा कायदा घेत असून त्यात क्रमांक बदलले आहेत, हे टिपणे जपणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

गर्दीबद्दल सांगायचे तर २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर व शेवटी १६ सप्टेंबर झाली, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला तेथे अडीच तास बसावे लागले. एप्रिल-मेमध्ये जाण्याचाही उपयोग नसतो, कारण शेवटच्या तिमाहीचा टीडीएस भरल्याचे विवरण देण्यास कंपन्यांना ३१ मेपर्यंत मुदत असते आणि तोवर २६एएस अपुरे दिसते. म्हणून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सकाळी कार्यालय उघडताच, बँकेचे वर्षभराचे उतारे आणि पाठवलेल्या बिलांच्या प्रती घेऊन जावे. तेव्हा ते प्रत्येकाला अर्धा तास देतात.