हॅरिसवरचं कॉटेज की स्कायचं बी अँड बी? घरची मोठी माणसं बरोबर असतील तर

हॅरिस आणि स्काय म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटं, आणि बी अँड बी म्हणजे कुणाच्या तरी घरातली नाश्त्यासकट भाड्याची खोली. आधीच सांगून टाकते, हातात सलग पाच-सहा दिवस असतील आणि तिथे जाऊन स्वयंपाक करायची तयारी असेल तर हॅरिस, नाहीतर गपचूप स्काय. आमचं दोन्ही करून झालंय, आधी आम्ही दोघंच स्कायला तीन रात्री, आणि मग सासूसासरे पुण्याहून आले तेव्हा जूनमध्ये हॅरिसला आठवडाभर.

स्कायला जाणं सोपं. 1995 पासून पूल आहे, त्याचा टोलही 2004 मध्ये बंद झाला, त्यामुळे ग्लासगोहून सकाळी निघालं की दोनदा चहाला थांबूनही संध्याकाळी पोर्ट्रीत, म्हणजे स्कायच्या मुख्य गावात पोचता. हॅरिससाठी मात्र तेच स्काय पूर्ण ओलांडून वरच्या टोकाला उइगपर्यंत गाडी हाणायची आणि तिथून कॅलमॅक कंपनीची फेरी बोट, साधारण पावणेदोन तास, की हॅरिसचं बंदर टारबर्ट. फेरीत गाडीची जागा उन्हाळ्यात पटापट भरते, आणि कॉटेजं बरीचशी शनिवार ते शनिवारच देतात म्हणजे शनिवारची फेरी सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा आधी फेरी बघा मग कॉटेज (आम्ही उलटं केलं आणि शुक्रवारी रात्री उइगला राहायचा भुर्दंड बसला). वारा वाढला की फेरी रद्दसुद्धा होते, त्यामुळे भारतात परतायचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं अजिबात ठेवू नका.

आता खरा मुद्दा, खाणं. बी अँड बीमध्ये सकाळचा नाश्ता घरातलीच मंडळी करून वाढतात, त्यांच्याशी गप्पा होतात, आज कुठे पाऊस कमी असेल ते कळतं, मस्त वाटतं. पण शाकाहारी माणसाला तिसऱ्या दिवशी तेच बीन्स, तेच भाजलेले टोमॅटो, तेच मश्रूम, आणि रात्री जेवायला बाहेर पडायचं तर पोर्ट्रीत सीझनमध्ये टेबल आधी बुक केलेलं नसलं तर फिरत बसा. कॉटेजमध्ये आपलं राज्य. सासूबाईंनी गोडा मसाला, मेतकूट, पोहे, सगळं पुण्याहून आणलं होतं, फक्त तूप आणि पेढे आणू नका हे मी फोनवर चारदा बजावलं होतं कारण भारतातून दुधाचे पदार्थ इथे ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. पहिल्याच सकाळी त्यांनी मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि घरातले सगळे अलार्म एकदम कोकलायला लागले! स्कॉटलंडमध्ये 2022 पासून घरातले अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात, स्वयंपाकघरात उष्णतेचा असतो पण बाहेरच्या खोलीत धुराचा, आणि आम्ही मधलं दार उघडं ठेवलेलं. शेजारच्याच घरात राहणारी मालकीण पायात गमबूट घालून धावत आली, सगळा प्रकार बघून हसली, खिडकी कुठली उघडायची ते दाखवलं, आणि जाताना वाटीभर पोहे घेऊन गेली. संध्याकाळी दाराशी सहा अंडी ठेवलेली. फॅमिलीने चालवलेलं कॉटेज घ्यायचं ते यासाठी, चावीच्या डब्याचा कोड मेसेज करून गायब होणाऱ्यांकडे हे मिळत नाही.

किराणा टारबर्टला मिळतो पण बेताचाच, मोठी खरेदी लुईसमधल्या स्टॉर्नोवे शहरात, तास-सव्वा तास लांब (हॅरिस आणि लुईस, नावं दोन पण बेट एकच). आणि रविवार! हॅरिसवर रविवार अजून कडक पाळतात, दुकानं बंद, आणि आमच्या मालकिणीने तर कपडेही दोरीवर नका घालू म्हणून गोड शब्दांत सांगितलं. स्टॉर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट 2024 च्या अखेरीपासून रविवारी उघडतं पण दुधासाठी एवढं कोण जाणार, शनिवारीच भरून ठेवा. स्कायला ही भानगड फारशी जाणवत नाही.

बघायला काय, तर स्काय सरळ सरळ जिंकतं, ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका, क्विराँगचे कडे, फेअरी पूल्सचे डोह, पण जुलैत सगळीकडे पार्किंगची मारामारी आणि चढही आहेत, सासऱ्यांच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. हॅरिसला लस्केंटायरचा किनारा म्हणजे पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, आणि पायात लोकरीचे मोजे. जूनमध्ये रात्री दहालासुद्धा उजेड, सासरे साडेनऊला पडदे ओढून झोपायचे आणि आम्ही बाहेर. हॅरिस ट्वीड, म्हणजे तिथलं लोकरी कापड, विणणाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन माग चालताना बघता येतो, कायद्यानेच ते कापड विणकराच्या घरी विणावं लागतं, सासरे तिथे तासभर उभे होते, इचलकरंजीच्या मागांच्या गोष्टी सांगत. मिजेस, म्हणजे ते चावरे चिलटासारखे किडे, दोन्हीकडे आहेत, हॅरिसच्या उघड्या किनाऱ्यावर वाऱ्यामुळे त्रास कमी होतो, वारा पडला की मात्र चावून खातात.

पाऊस दोन्हीकडे सारखाच, पण फरक असा की बी अँड बीमध्ये पाऊस आला तर तुम्ही एका खोलीत पलंगावर बसलेले असता, बऱ्याच ठिकाणी नाश्त्यानंतर बाहेर पडायची अपेक्षाही असते. कॉटेजमध्ये शेकोटी पेटवा, पत्ते काढा, भजी तळा (दार लावून).

पैशांचं गणित तुमचं तुम्ही मांडा, चार मोठी माणसं असतील तर बी अँड बीच्या दोन खोल्या आणि रोजचं बाहेरचं जेवण धरून बघा, दोघंच असाल तर आख्खं कॉटेज महाग पडतं. जाहिरातीत जागा भाड्याने द्यायचा लायसन्स नंबर आहे ना तेवढं तपासा, स्कॉटलंडमध्ये तो आता सक्तीचा आहे. आणि कॉटेजमध्ये नळाला पाणी चहाच्या रंगाचं आलं तर घाबरू नका, पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या दलदलीच्या जमिनीतून येतं म्हणून तसं दिसतं, प्यायचं कसं ते मालकांनाच विचारा.

गाडी चालवणं दोन्हीकडे डावीकडून, भारतातल्यासारखंच, एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरून कुणी आलं की पासिंग प्लेसला, म्हणजे मध्येमध्ये रस्ता रुंद केलेला असतो तिथे थांबायचं आणि हात करायचा. फक्त हॅरिसला किनाऱ्यावर गाडी लावली की दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने उलटं वाकलेलं दार आमच्या भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये बसलं नाही.