पार्टटाइमवाल्यांनो, रावपुऱ्यातलं हे ऑफिस बघाच

रावपुरा टॉवरच्या मागच्या गल्लीत बायकांच्या एका मंडळाचं छोटंसं ऑफिस आहे, तिथे आहे त्याच पार्टटाइम कामाचे तास वाढवून घ्यायला मदत करतात, आणि बडोद्यात अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

मी मंगळबाजारात कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात संध्याकाळी चार तास बिलिंगला. नवरात्रीत चणियाचोळीची गर्दी असली की रात्री उशिरापर्यंत थांबवून घेतात आणि दिवाळी झाली की परत "हमणां चार कलाक बस छे, बेन", म्हणजे सध्या चार तास पुरे. प्लेसमेंटवाले दुसरं काम देतात पण ते अलकापुरीला, मग मधला सगळा वेळ रिक्षात आणि भाड्यातच अर्धा पगार जातो.

इथल्या ताईंनी आधी एक वही दिली. दुकानात कधी गर्दी होते, कुठलं काम पडून राहतं, कोणाचं काम आपल्यावर येतं, सगळं रोज लिहायचं. त्यातून कळलं की माल दुपारी येतो, तेव्हा स्टॉकची एन्ट्री करायला कोणीच नसतं आणि शेठ स्वतः रात्री बसून करतात. मग नेमकं तेच काम मागायचं, की माल आल्या आल्या एन्ट्री मी करते, संध्याकाळपर्यंत टॅग लावून काउंटरवर देते. टॅली, म्हणजे हिशोब आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर, त्यांनीच शिकवलं. ताई सोबत आल्या पण शेठशी बोलायला मलाच लावलं, हे मला फार आवडलं. आता चाराचे सात तास झालेत.

अजून एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. पार्टटाइमवाल्यांना पण ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली आणि पगार महिना 21,000 पर्यंत असला की. आपले 0.75 टक्के कापतात, शेठ 3.25 भरतात. पण आजारी पडल्यावर रजेचे पैसे मिळायला सहा महिन्यांत निदान 78 दिवस भरावे लागतात. माझ्यासोबत आलेली एक मुलगी आठवड्याला दोनच दिवस पण लांब शिफ्ट करायची, ताईंनी तिथेच हिशोब मांडला, 26 आठवड्यांचे 52च होतात, तीन दिवस केले तर बरोबर 78, एक खाडा झाला की गेलं, म्हणून तिला चार दिवस मागायला लावले. तास वाढवताना दिवसही बघायचे असतात हे किती जणींना माहीत असेल?

त्यांनी सुधारावं असंही आहे. फॉर्म फक्त गुजरातीत, महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या माझ्या जावेला वाचताच येईना. आणि ऑफिस सकाळी दोनच तास उघडं, कामावर जाणारीने यायचं कधी? रविवारी उघडा हो प्लीज.

फी 300 रुपये, टॅलीसकट. जायचं तर नवरात्रीच्या आधी जा, शेठला माणसाची गरज तेव्हाच असते, म्हणून दिवाळीनंतरचे तास पण तेव्हाच कागदावर लिहून सही घ्यायला सांगतात. माझे तास दिवाळीनंतर कमी झाले नाहीत ते त्या कागदामुळेच.