टिफिन स्कूल, किंग्स्टन: एका शाळेची दोन दारे

लंडनच्या नैऋत्य टोकाला, थेम्स नदीच्या काठावर वसलेल्या किंग्स्टनमध्ये ‘टिफिन स्कूल’ या नावाची मुलग्यांची सरकारी ग्रामर शाळा, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणारी शाळा, आहे. हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघाले तेव्हा पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारले होते, “म्हणजे डबा शाळेतच मिळतो का गं?” डब्याशी या शाळेचा काही संबंध नाही. जॉन आणि थॉमस टिफिन हे सतराव्या शतकातले किंग्स्टनमधले बिअर गाळणारे दोन धनिक भाऊ; त्यांनी गावाच्या धर्मादाय कामासाठी ठेवलेल्या पैशातून पुढे १८८० साली ही शाळा उभी राहिली आणि १९२९ पासून ती क्वीन एलिझाबेथ रोडवरच्या सध्याच्या जागेत भरते. आपण डब्यासाठी जो ‘टिफिन’ शब्द वापरतो, त्याचे मूळ जुन्या इंग्रजी बोलीतल्या घोट घोट पिण्याच्या शब्दात आहे, असे कोशकार सांगतात. ते वाचल्यावर बिअरवाल्या भावांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मला झाला होता, पण तो योगायोगच म्हणायचा.

न्यू मॉल्डन, सर्बिटन, वूस्टर पार्क या भागात राहणाऱ्या मराठी पालकांमध्ये या शाळेबद्दल जे काही बोलले जाते, ते जवळजवळ सगळे मुलगा दहा वर्षांचा असताना द्याव्या लागणाऱ्या प्रवेशपरीक्षेपुरते असते. मला मात्र या शाळेची दोन्ही दारे पाहावी लागली, कारण आमची मुले जुळी आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. इयर सेव्हनपासून इयर इलेव्हनपर्यंत, म्हणजे साधारण अकरा ते सोळा या वयात, येथे फक्त मुलगे शिकतात. त्यापुढच्या दोन वर्षांच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये मुलींनाही प्रवेश मिळतो. आपल्याकडे दहावीपर्यंत मुलग्यांच्या शाळेत शिकून अकरावीला एकत्र कॉलेजात जाणे जुनेच आहे, फरक एवढाच की येथे ते ‘कॉलेज’ त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांच्या हाताखाली असते. माझा अभिप्राय आधीच सांगून टाकते: पहिल्या दाराचा गाजावाजा वाजवीपेक्षा जास्त आहे आणि दुसऱ्या दाराबद्दल वाजवीपेक्षा फारच कमी बोलले जाते.

पहिल्या दारापाशी गर्दी का होते, हे समजण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये आता अवघ्या १६३ सरकारी ग्रामर शाळा उरल्या आहेत आणि १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढण्यास बंदी घातली आहे. फी नाही, शिक्षण उत्तम, आणि जागा वर्षाला १८०. एवढ्या भांडवलावर कोणत्याही शाळेपुढे रांग लागेल. परीक्षा दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्प्यांत इंग्रजी व गणित एवढेच विषय असतात. पहिल्या टप्प्यात पर्याय निवडायचे असतात आणि उत्तरपत्रिका यंत्र तपासते; तो पार करणाऱ्यांनाच दुसऱ्या टप्प्याला बोलावतात, जेथे मुलाला स्वतःच्या हाताने लिहावे लागते. माझ्या मते या परीक्षेतला चांगला भाग हा दुसरा टप्पाच आहे. घोकून येणारा मुलगा आणि वाचणारा मुलगा यांच्यातला फरक तेथे थोडा तरी दिसत असावा.

येथे एक अनुभव नोंदवून ठेवते, कारण आमच्यामागून येणाऱ्यांचे पैसे त्यामुळे वाचतील. आम्ही मुलाला ज्या शिकवणीत घातले होते, त्या शिकवणीने (नाव घेत नाही) ‘टिफिनसाठी खास’ म्हणून सराव परीक्षांचा जो संच आम्हाला विकला, त्यातला निम्मा भाग आकृत्यांच्या कोड्यांचा होता: पुढची आकृती कोणती, आरशात कशी दिसेल, वगैरे. या शाळेच्या परीक्षेत असा विषयच नाही, आणि शाळा स्वतःच्या प्रवेश नियमावलीत परीक्षेचे विषय स्पष्ट लिहिते. ती नियमावली आम्ही वाचली सप्टेंबरात, आणि शिकवणीचा शेवटचा हप्ता भरला होता जुलैत. तेव्हा आधी नियमावली वाचावी, मग शिकवणीकडे वळावे; आणि नियमावलीही त्याच वर्षाची वाचावी, कारण कोणत्या भागातल्या मुलांना प्राधान्य मिळते हे गुणांइतकेच महत्त्वाचे असते. तीस-चाळीस मैलांवरून परीक्षेला येणारी मुले आम्ही पाहिली. त्या मुलांना प्रवेश मिळाला असता तर रोजचा प्रवास कसा झाला असता, याचा हिशेब त्यांच्या पालकांनी केला असेल, अशी आशा आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, शाळा-निवडीचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो आणि दुसरा टप्पा त्यानंतर, नोव्हेंबरात होतो. म्हणजे निकाल माहीत नसतानाच शाळेचे नाव लिहायचे. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात आणि आपण कोणती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली हे शाळांना कळत नाही, त्यामुळे ‘वर लिहिली तर खालची रागावेल’ ही भीती निराधार आहे. मनात जी पहिली असेल तीच पहिली लिहावी. नावांच्या गोंधळातही पडू नये: जवळच असलेली किंग्स्टन ग्रामर स्कूल ही नावाने ग्रामर असली तरी फी घेणारी खासगी शाळा आहे, आणि टिफिन गर्ल्स’ स्कूल ही पूर्णपणे वेगळी शाळा असून तिची परीक्षाही वेगळी असते.

आमच्या मुलाने ही परीक्षा दिली, मुलीने टिफिन गर्ल्सची दिली. १ मार्चला दोघांनाही आमच्या घराजवळच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे प्रवेशपरीक्षा न घेणाऱ्या, शाळेचे पत्र आले. मुलगा दुसऱ्या टप्प्यात थोडक्यात हुकला होता. तो दोन दिवस गप्प होता. मी, खरे सांगायचे तर, दोन महिने. आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेत नाव आले नाही तर चारचौघांत मान थोडी खाली जाते, पण शाळा बदलत नाही, मित्र बदलत नाहीत. येथे दहा वर्षांच्या मुलाच्या दोन सकाळींवर पुढची सात वर्षे ठरतात, आणि हे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. हा दोष या एका शाळेचा नव्हे, या पद्धतीचा आहे. त्यामुळेच शाळेच्या जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षी होणाऱ्या, आपल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) निकालांचे आकडे मी या परीक्षणात देत नाही. चाळणीतून आधीच निवडून घेतलेल्या मुलांचे निकाल चांगले लागणारच. त्यावरून शाळेने काय शिकवले हे कळत नाही.

मग शाळा जोखायची कशावरून? मी तिच्या संगीतावरून जोखते. १९५७ मध्ये स्थापन झालेले टिफिन बॉईज’ क्वायर हे सरकारी शाळेचे गायकवृंद रॉयल ऑपेरा हाऊसच्या प्रयोगांत गाते. ज्या शाळेत निम्म्याहून अधिक पालक मुलाने डॉक्टर किंवा अभियंता व्हावे म्हणून पाठवत असतील, त्या शाळेने गाण्याला एवढे गांभीर्याने घ्यावे, ही मला या शाळेची सर्वांत मोठी खूण वाटते. थेम्सवर रोइंग आहे, रग्बी आहे, क्रिकेट तर आहेच. इंग्लंडचा माजी कर्णधार आणि यष्टिरक्षक अ‍ॅलेक स्ट्युअर्ट याच शाळेचा विद्यार्थी. मात्र आवार गावाच्या मध्यात असल्याने जागा बेताची आहे आणि ग्रिस्ट्स नावाचे खेळाचे मोठे मैदान शाळेपासून दूर आहे. पुण्यातल्या पेठेतली शाळा ज्यांनी पाहिली आहे त्यांना या दाटीचे काही वाटणार नाही, पण हिरव्यागार कुरणातली इंग्रजी शाळा डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्यांनी अपेक्षा थोडी आवरावी.

शाळेचे ब्रीदवाक्य फ्रेंच आहे, ‘फेअर सां दीर’. न बोलता करून दाखवावे, असा त्याचा अर्थ. गर्जेल तो पडेल काय, ही म्हण माझी आई उठता-बसता म्हणत असे, त्यामुळे हे ब्रीद मला परके वाटले नाही.

आता दुसऱ्या दाराकडे येते. सिक्स्थ फॉर्मसाठी दहा वर्षांच्या वयातली ती प्रवेशपरीक्षा नसते. प्रवेश जीसीएसईच्या श्रेणींवर मिळतो आणि ज्या विषयांत ए-लेव्हल (आपल्या बारावीसारखी अठराव्या वर्षीची परीक्षा) करायचे, त्यांत वरची श्रेणी लागते. अर्ज इयर इलेव्हनच्या मध्यावर करायचा, जागा मिळाली तर ती सशर्त असते आणि ऑगस्टच्या अखेरीस, निकालाच्या गुरुवारी, ती पक्की होते किंवा निसटते. आमच्या मुलीने स्वतः ठरवून अर्ज केला. माहितीच्या संध्याकाळी मी बरोबर गेले होते. पाच वर्षांपूर्वी ज्या दारातून मी मुलाचा हात धरून आत शिरले होते, त्याच दारातून ती माझ्या चार पावले पुढे चालत होती आणि मागे वळून पाहतही नव्हती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एका शिक्षकांना तिने विचारले, “मुली किती असतात या वर्गात?” त्यांनी गोलमाल उत्तर दिले नाही. मोजक्या असतात, म्हणाले, आणि त्या वाढाव्यात असे आम्हाला वाटते. हे उत्तर मला आवडले. देशभरातच ए-लेव्हल भौतिकशास्त्र घेणाऱ्यांत मुली चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतात. मुलग्यांच्या शाळेत ते प्रमाण एका रात्रीत बदलेल, असे कोणी सांगितले असते तर मीच विश्वास ठेवला नसता.

या रचनेत एक अवघड जागा आहे आणि ती कोणत्याही अशा शाळेत असणार. अकरा-बारा वर्षांची असल्यापासून एकमेकांना ओळखणारी मुले, त्यांची टोपणनावे, कोणत्या सहलीत कोण कोठे हरवला होता याच्या कथा, या सगळ्यांत सोळाव्या वर्षी बाहेरून आलेल्या मुलीला आधी पाहुणी म्हणूनच बसावे लागते. आमच्या मुलीला पहिले दोन-तीन आठवडे जड गेले. तिला मोकळे केले ते बाहेरून आलेल्या इतर मुलामुलींनी, आणि त्यानंतर गणिताने. अवघड गणित फळ्यावर अडले की तेथे टोपणनाव नसलेल्यालाही खडू मिळतो. आता घरी आल्यावर ती प्रश्न सोडवायच्या रीतीवर वर्गात झालेल्या वादाबद्दल बोलते, आणि वाद जिंकल्याचे सांगताना तिचा आवाज चढतो. हे मला तिच्या आधीच्या, अतिशय चांगल्या, शाळेत ऐकू आले नव्हते. तेथे ती वर्गात पहिली असे आणि वाद घालायला समोर कोणी नसे. तिला येथे सर्वांत जास्त लाभलेली गोष्ट कोणती, असे विचारले तर मी शिक्षकांच्या आधी बरोबरीच्या सोबत्यांचे नाव घेईन.

मुलग्यांसाठीही सिक्स्थ फॉर्म एकत्र असणे हिताचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठात गेल्यावर पहिल्यांदाच मुलीशेजारी बसून प्रयोग करणारा अठरा वर्षांचा मुलगा ही काही कौतुकाची गोष्ट नाही. ते सोळाव्या वर्षी सुरू झालेले बरे. अकराव्या वर्षापासूनच का नको, हा प्रश्न मी शाळेला विचारला नाही, पण परतीच्या बसमध्ये आम्ही दोघींनी त्यावर बरीच चर्चा केली.

खर्चाचे म्हणाल तर शिकवणी शुल्क शून्य. लंडनमध्ये राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना झिप कार्डावर (विद्यार्थ्यांच्या प्रवासाच्या पासावर) बसही फुकट असते. खासगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागू झाला, तेव्हापासून सरकारी सिक्स्थ फॉर्मकडे वळणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांची संख्या माझ्या पाहण्यात तरी वाढली आहे, त्यामुळे हे दारही फार काळ मोकळे राहील असे नाही. पाहायला जाणाऱ्यांनी गाडी घरी ठेवावी. किंग्स्टनच्या स्टेशनापासून चालत यावे, ओल्ड लंडन रोडवर उलथून पडलेल्या लाल टेलिफोन बूथांची रांग दिसते, तेथे मुलांना पाच मिनिटे थांबू द्यावे, आणि मग पुढे यावे.

पाच गुणांपैकी द्यायचे तर इयर सेव्हनच्या प्रवेशाच्या खटाटोपाला मी अडीच देईन, सिक्स्थ फॉर्मला साडेचार. मुलालाही त्या वर्षी अर्ज करायला सांगून पाहिले होते. तो म्हणाला, माझी टीम इथे आहे, मी इथेच बरा. आता सकाळी न्यू मॉल्डनच्या थांब्यावरून ती २१३ क्रमांकाच्या बसने किंग्स्टनकडे जाते, तो पाठीला बॅग लावून चालत उलट दिशेला, आणि डबे दोघांचेही मीच भरते.