मूळ क्रमांकासह व्हिंटेज नोंदणी: इंदुरातल्या एका फियाटमालकाचा अभिप्राय

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र सोय झाली. माझ्या वडिलांनी 1967 साली इंदुरात घेतलेल्या आणि पुढे वारसाहक्काने माझ्या नावावर झालेल्या फियाट 1100 डीसाठी मी ही नोंदणी करून घेतली. ज्यांच्या गाडीचा मूळ क्रमांक आणि मूळ आर.सी. बुक दोन्ही शाबूत आहेत आणि जे ती गाडी मुख्यतः रॅलीसाठी व प्रदर्शनासाठी जपतात, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. मात्र जे त्याच गाडीतून रोज सियागंजात किंवा राजवाड्याकडे जातात, त्यांनी ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या नोंदणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. मोटार वाहन कायदा, 1988 अमलात येण्यापूर्वी तीन अक्षरे आणि त्यापुढे आकडे अशी क्रमांकाची रीत होती. इंदूरचे आजचे ‘एमपी 09’ नंतरचे. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या जुन्या गाडीला मात्र राज्याची अक्षरे, मग ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे असा वेगळा क्रमांक मिळतो. तो नवा क्रमांकच घ्यावा, लोकांच्या नजरेत भरतो, असा सल्ला मला एका मध्यस्थाने दिला होता. मी तो मानला नाही, आणि ज्यांच्याकडे मूळ क्रमांक आहे त्यांनीही मानू नये. गाडी कोणत्या शहरात, कोणत्या काळात आणि कोणाच्या घरी आली, हे सांगणारा गाडीवरचा एकमेव उघड पुरावा तो क्रमांक असतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी गर्नी नटिंग या ब्रिटिश कंपनीने बॉडी बांधलेली ड्युझेनबर्ग ही अमेरिकन मोटार परदेशी संग्राहकांकडे गेली. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याच्या त्या वैभवाविषयी आपण आज केवळ वाचतो. सामान्य घरांतल्या गाड्या तरी आपापल्या क्रमांकासह याच शहरात राहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

अर्ज नमुना 20 मध्ये करायचा असतो. त्याला चालू विमा, शुल्क आणि जुने आर.सी. बुक जोडावे लागते. गाडी आयात केलेली असल्यास आयातीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे दिलेला आयातीचा दाखला, लागते. सर्व कागद योग्य असल्यास प्रमाणपत्र साठ दिवसांच्या आत देण्याची तरतूद आहे. तथापि, खरे काम अर्जाच्या आधीचे आहे. जुन्या आर.सी. बुकातील नोंद हाताने लिहिलेली असते, आणि ती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेली नसेल तर आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद प्रणालीत भरून घेण्याचे काम, करून घ्यावी लागते. शाई उडालेल्या पानावरचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला, तर क्रमांक राखण्याचा सगळा खटाटोप तिथेच अडतो. म्हणून चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन या दोहोंचे क्रमांक गंज व रंग साफ करून, पेन्सिलने त्यांची छाप घेऊन, आर.सी. बुकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत, आणि मगच नायता मुंडल्याच्या परिवहन कार्यालयाची वाट धरावी.

इंजिनाचा मुद्दा विशेष गंभीर आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी नियमातल्या व्हिंटेज गाडीच्या व्याख्येत बसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या फियाट आणि अॅम्बॅसॅडर गाड्यांत इंधनाचा खर्च वाचवण्यासाठी डिझेल इंजिने बसवली गेली. अशा गाडीच्या मालकाने मूळ इंजिन परत मिळवून बसवल्याशिवाय या वाटेला जाण्यात अर्थ नाही. आमच्या गाडीत मूळचेच 1089 सीसीचे पेट्रोल इंजिन राहिले, याचे सारे श्रेय वडिलांच्या हट्टाला आहे.

नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि पुढील नूतनीकरणाचे 5,000 रुपये असून नोंदणी दहा वर्षे टिकते. रक्कम लहान नाही. त्यातच अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. लग्नासाठी गाडी भाड्याने देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. ज्यांना गाडी खरोखर चालवायची आहे, त्यांच्यासाठी दर पाच वर्षांनी होणारे नेहमीचे नूतनीकरणच योग्य होय. त्यातही जुना क्रमांक कायम राहतो, फक्त गाडी तपासणीत उतरावी लागते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क 2025 साली 10,000 रुपये झाले आहे, त्यामुळे दोन्ही पर्यायांतील खर्चाचे अंतर आता पुष्कळ कमी झाले आहे.

एक उणीव मात्र मला खटकते. क्रमांक राहतो, पण क्रमांकाची पाटी बदलते. खासगी गाड्यांवर पूर्वी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असत, आता पांढऱ्या पाटीवर काळी असतात. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1980 पूर्वी बनलेल्या जुन्या गाड्यांना काळी पाटी लावण्याची मुभा आहे, आणि हरवलेला मूळ क्रमांक पुराव्यानिशी परत मिळाल्यास तो सहसा दुसऱ्या गाडीला देता येत नाही. आपल्याकडे ज्या गाड्या व्हिंटेज म्हणून तपासून झाल्या आहेत, निदान त्यांना तरी काळ्या पाटीची अशीच स्पष्ट परवानगी मिळावी. तोपर्यंत आमच्या फियाटची रंगाऱ्याच्या हातची पत्र्याची जुनी पाटी मी प्रदर्शनात गाडी उभी असतानाच लावतो आणि रस्त्यावर आजच्या नियमाची पाटी ठेवतो. नोंदणी झाली म्हणून जुनी पाटी कोणीही भंगारात देऊ नये. तिच्यावर नवा रंगही चढवू नये.