९९०० लिहिलेला सेल घेऊ नका

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गावी, पारोळा तालुक्यात, कानबाई (खानदेशातली देवी) बसते. रात्रभर बायका गाणी म्हणतात. यंदा त्या गाण्यांना साथ द्यायला मी घरी बनवलेला सिंथेसायझर नेणार होतो. टीन्सी ४.१ बोर्ड (आवाज तयार करणारा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) आणि त्याच्या यूएसबी होस्ट पोर्टला जोडलेला मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली-सोडली एवढाच निरोप पाठवणारा), एवढंच सामान. गावात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून जळगावच्या एका दुकानातून १८६५० साइजचे दोन लिथियम सेल आणले. जोडी ४०० रुपयांना, वर ठळक छापलेलं ९९०० एमएएच, म्हणजे एका सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा. बिल मागितलं तर, "भाऊ, एवढ्याशा मालाला कसलं बिल? मी इथंच आहे ना."

घरी वाजवताना अर्ध्यापाऊण तासाने कीबोर्डचे दिवे विझायचे, परत लागायचे आणि दाबलेला सूर तसाच किंचाळत राहायचा. बोर्ड मात्र चालू. त्यामुळे पॉवरवर संशयच आला नाही. तीन आठवडे मी माझाच प्रोग्राम उकरत बसलो. केबल बदलली, झाळकाम पुन्हा केलं. कानबाईच्या रात्री ऐन गाण्यात तेच झालं. काकू गाणं थांबवून म्हणाली, "काय व्हयनं रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनानंतर, मीटर लावला. ५ व्होल्टची लाइन ४.३ वर आलेली. बोर्ड त्यातून स्वतःसाठी ३.३ व्होल्ट करून घेतो, म्हणून तो तग धरतो. कीबोर्डला मात्र थेट तीच लाइन जाते. तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि बोट उचलल्याचा निरोप बोर्डापर्यंत पोचतच नाही. म्हणून सूर अडकतो.

मग हिशोब केला. कीबोर्ड धरून सगळ्याला ५ व्होल्टवर ०.८ अँपिअर लागतात. सेलचे व्होल्ट वाढवून ५ करणाऱ्या बूस्ट सर्किटमधली तूट धरली तर सेलकडून साधारण १.३ अँपिअर. छापलेलं खरं असतं तर जोडी पंधरा तास चालायला हवी होती. अहो, या साइजच्या चांगल्या सेलमध्येही ३५०० च्या आसपासच मावतं! हे आधी माहीत असतं तर छापील आकडा वाचूनच दुकानातून परत फिरलो असतो.

ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन केलं. माझा सेल २७ ग्रॅम, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला त्याच साइजचा ४५. म्हणजे माझ्या सेलमध्ये मालच कमी. शंका आली तर असंच वजन करा. सेल कापून आत बघायला जाऊ नका, लिथियम पेटतं.

दुकानदार म्हणाला, "कंपनीने छापलंय, आम्ही काय करणार?" ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला माहीत होता, पण बिलच नाही तर दाखवणार काय? ४०० रुपयांपेक्षा ते तीन आठवडे आणि काकूचं अर्धवट राहिलेलं गाणं मनाला जास्त लागतं.

आता पक्क्या बिलाचे, २६०० चे दोन सेल लावलेत. परवा चार तास वाजवलं, एकही सूर अडकला नाही.