जपानी बोलायची प्रॅक्टिस: आयटॉकीचा माझा अनुभव

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, तिची एन४ (खालून दुसरी) पातळी पास झाले आणि तरी तोंडातून धड दोन वाक्यं निघेनात, कारण त्या परीक्षेत बोलायचा भागच नाही, सगळं वाचणं आणि ऐकणं, त्यामुळे घरी बसून कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) कितीही घोटल्या तरी बोलणं आहे तिथेच राहतं. म्हणून आयटॉकी सुरू केलं, म्हणजे ऑनलाइन शिक्षकाशी एकास एक बोलून भाषा शिकायची वेबसाइट. क्लासची वर्षाची फी भरावी लागत नाही, एकेका लेसनचे पैसे, रेट शिक्षकच ठरवतात आणि आधी ट्रायल घेता येते. प्रोफेशनल टीचर आणि कम्युनिटी ट्यूटर असे दोन प्रकार आहेत, नुसत्या गप्पा हव्या असतील तर दुसरा प्रकार पुरे, स्वस्तही पडतो, पण त्यांच्याकडून व्याकरण समजून घ्यायची अपेक्षा ठेवू नका.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे सकाळी साडेसहाचा स्लॉट घ्यायचा, तिकडे दहा वाजलेले असतात. ऑफिसनंतरचं मात्र विसराच.

फरक कुठे पडला म्हणाल तर ऐकताना. जपानी माणूस आपण बोलत असताना सतत हुंकार भरतो, सुरुवातीला वाटायचं मला थांबवतायत की काय, आता मीही भरते! क्रियापद शेवटी येतं ते आपल्याला मराठीमुळे सोपं जातं, पण वस्तू मोजताना अजून गडबड, लांबट वस्तू एक, दोन, तीन मोजायच्या तर इप्पोन, निहोन, सांबोन, शेवट दर वेळी बदलतो, डोकं फिरतं. लेसनचं रेकॉर्डिंग परत ऐका, लाज वाटते पण ऐकाच.

माझ्याकडून चार स्टार. अगदी नवीन असाल तर आधी हिरागाना-काताकाना (जपानीच्या दोन मूळ लिप्या) घरीच करा, उगाच पैसे जातील.