दगड खरा, खाण खोटी

निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग माझ्या मामांनी ‘तांबं-सोन्याच्या खाणीत हिस्सा’ म्हणून एकाच्या हवाली केला. तो आता फोन उचलत नाही. दुसऱ्या कुणाचं घर असं बुडू नये म्हणून सविस्तर लिहितोय.

आमिष सगळंच खोटं नव्हतं, खरं विष त्यातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाला तांबं आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते शोधलेलं आहे. त्या नावाच्या आडून ‘हे टेकाड त्याच पट्ट्यातलं’ असं सांगितलं गेलं. हातात दगड ठेवले, वर मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचे हिरवे डाग, आत पितळी चकाकी. सोबत प्रयोगशाळेचा कागद: तांबं १२ टक्के, सोन्याचाही अंश. कागद खरा होता. पण प्रयोगशाळा समोर आलेला दगड तपासते, तो कुठून उचलला याची हमी ती देत नाही. ती चकाकी चाल्कोपायराइटची. या खनिजाच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तांबंच असतं, मग निवडून आणलेला तुकडा १२ टक्के दाखवणारच! मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मलांजखंडची एवढी मोठी तांब्याची खाण चालते ती सुमारे एक टक्का तांबं असलेल्या धातुकावर, म्हणजे धातू काढायच्या दगडावर. तसं धातुक किती खोल, किती लांब आणि किती टन आहे, ते ठिकठिकाणी बोअर मारून कोअर, म्हणजे खडकाचा नळकांड्यासारखा सलग नमुना, काढल्याशिवाय कळत नाही.

मामांनी कोअर बघायला मागितला होता. ‘सगळा दळून तपासणीला पाठवला’ असं उत्तर मिळालं. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्स या कॅनडाच्या खाण कंपनीच्या प्रकरणात हेच झालं होतं. अर्धा कोअर राखून ठेवायची रीत मोडली आणि चुऱ्यात बाहेरचं सोनं मिसळलं गेलं. १९९७ मध्ये फ्रीपोर्ट कंपनीने त्याच बोअरांशेजारी स्वतःचे बोअर मारले, तेव्हा सोनं नगण्य निघालं. गुंतवणूकदारांचे अब्जावधी डॉलर गेले.

‘लीज नावावर होतेय’ हेही मामांना सातबारा दाखवून पटवलं होतं. सातबारा म्हणजे खनिपट्टा नव्हे. तांबं-सोन्याचे पट्टे २०१५ पासून सरकारी लिलावातूनच दिले जातात. २०२३ च्या दुरुस्तीने आलेला शोधाचा परवानाही लिलावातूनच मिळतो. गट नंबर घेऊन जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे चौकशी करा. सर्वेक्षणाचे अहवाल ‘भूकोश’ या सरकारी पोर्टलवर बघता येतात.

मामांच्या करारात रक्कम ‘हातउसनी’ म्हणून लिहिली आहे, खाणीचं नावही नाही. म्हणून ठाण्यातून आधी ‘हा दिवाणी वाद’ सांगून परत पाठवलं. व्हॉट्सअॅपचे मेसेज, दगडांचे फोटो आणि प्रयोगशाळेचा तो कागद जोडला, तेव्हा अर्ज घेतला. तुम्ही कुणाला असे पैसे दिले असतील तर त्याचा एकही मेसेज पुसू नका.